पेशींची पंगत

मेकॅनिकलच्या पोराने जीवशास्त्रावर कशाला लिहावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पण मित्रांनो, मला यंत्रापेक्षा ते चालू ठेवणारा माणूस जास्त आवडतो. आपल्या शरीराचा मेंटेनन्स विभाग ज्याने दाखवून दिला, त्या एली मेचनिकॉफचं चरित्र वाचल्यापासून ते हॉस्टेलवर कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटत होतं.

मेचनिकॉफ १८४५ सालचा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या खेड्यातला. हुशार इतका की विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. (आपल्याकडे चार वर्षांचा सहा वर्षांत उरकणारेही आहेत, तो विषय वेगळा!) पुढे ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. बायोडेटा बघितला तर सगळं झकास. आतून मात्र माणूस पोखरलेला होता.

१८६९ मध्ये त्याचं लग्न झालं. बायको ल्युडमिला क्षयाने एवढी खंगलेली की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तिला वाचवायला त्याने खूप धडपड केली, पण १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती गेली. त्यात त्याचे स्वतःचे डोळे अधू, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचं कामही धड होईना. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. १८७५ मध्ये ओल्गाशी त्याचं दुसरं लग्न झालं. १८८० मध्ये तिला टायफॉइडने गाठलं, इकडे विद्यापीठात राजकारण तापलेलं. १८८१ मध्ये त्याने तापाच्या एका रोग्याचं दूषित रक्त स्वतःला टोचून घेतलं. मेलो तरी विज्ञानाच्या कामी येईन, असा त्याचा हिशेब. आजारी पडला, पण याही वेळी वाचला.

आता पुढचं साल बघा. १८८२! नोकरी सोडून तो सिसिली बेटावरच्या मेसिना गावी आला. एक दिवस घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर तारामाशाची पिल्लं, काचेसारखी पारदर्शक. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. याच्या मनात आलं, या पेशी शरीराचा पहारा तर देत नसतील? बागेतल्या गुलाबाचा काटा आणून त्याने पिल्लाला टोचला. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका! आपल्या बोटात काटा रुतला की पू होतो ना, तोच प्रकार.

व्हिएन्नाच्या प्राध्यापक क्लाउसने या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून नाव सुचवलं, फॅगोसाइट. म्हणजे भक्षक पेशी. मग मेचनिकॉफने पाण्यातल्या डॅफ्निया या पिटुकल्या जिवावर अभ्यास केला. बुरशीचे बीजाणू पेशींनी फस्त केले तर डॅफ्निया जगायचा, नाही तर बुरशी त्याला संपवायची. प्रतिकारशक्ती म्हणजे काय हे त्याला डोळ्यांनी दिसलं.

पण मान्य कोण करणार? पांढऱ्या पेशी उलट जंतू शरीरभर पसरवतात असं तेव्हा अनेक डॉक्टर मानत. जर्मन शास्त्रज्ञांचा भर रक्तातल्या द्रव्यांवर होता. वाद पंचवीस वर्षं चालला. १८८८ मध्ये पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत जागा दिली, तिथेच तो शेवटपर्यंत राहिला. ओडेसातला त्याचा एक विद्यार्थीही मागोमाग तिथे आला. नाव वाल्डेमार हाफकिन. होय, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवाला! मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली.

१९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि विरुद्ध गटातला पॉल एर्लिक यांना विभागून मिळालं. दोघंही बरोबर होते, शरीराला पेशीही लागतात आणि द्रव्यंही. १९१६ मध्ये मेचनिकॉफ वारला. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

गोष्ट इथे संपत नाही. पेशी बाहेरचा शत्रू खाते तशी स्वतःच्या आतलं भंगारही खाते. क्रिस्तियां द ड्यूव्हने १९६३ मध्ये याला ऑटोफॅजी म्हटलं, म्हणजे स्वभक्षण. त्यातलं 'फॅजी' हे फॅगोसाइटच्याच घराण्यातलं. जुने सुटे भाग मोडून त्यातूनच नवे करायचे, असं हे पेशीतलं वर्कशॉप. यीस्टमध्ये त्याची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. जुना आजार लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी टिकायलाही ते लागतं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींतलं हे वर्कशॉप २०११ च्या एका प्रयोगात उंदरांमध्ये बंद केलं, तर रक्तक्षय झाला आणि काही पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या, रक्ताच्या कर्करोगाकडे झुकणारी स्थिती! गंमत म्हणजे कर्करोग एकदा जडला की त्याच्या पेशी हेच वर्कशॉप वापरून औषधांच्या माऱ्यातही तग धरतात. म्हणून ते कधी चालू ठेवायचं आणि कधी बंद पाडायचं हा डॉक्टरांपुढचा अवघड प्रश्न आहे. शिवाय ल्युकेमियाच्या पेशी अंगावर सीडी४७ नावाची पाटी लावतात, जिचा अर्थ 'मला खाऊ नका'. मेचनिकॉफच्या भक्षक पेशी ती बघून पुढे निघून जातात. ही पाटी झाकणाऱ्या मॅग्रोलिमॅब या औषधाच्या रक्तकर्करोगातल्या मोठ्या चाचण्या २०२४ पर्यंत थांबवाव्या लागल्या. शोध मात्र चालूच आहे.

मला या सगळ्यात एकच आकडा सारखा आठवतो. १८८१ आणि १८८२ मध्ये अंतर किती? एका वर्षाचं. दुसऱ्या वेळी तो वाचला नसता, तर तो काटा त्याच्या हातून टोचला गेलाच नसता. आणि १८८१ मध्ये पुढच्या वर्षी काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तोच माणूस पुढे म्हातारपणी माणसाचं आयुष्य वाढावं म्हणून आंबट दुधाचा प्रचार करत होता, आणि आशावादी म्हणून ओळखला जात होता.

आपल्याकडे बॅक लागते, प्लेसमेंट हुकते, घरून फोन येतो आणि दार आतून बंद होतं. अशा वेळी कुणाशी तरी बोला. रूम पार्टनरशी, सरांशी, अगदी मेसच्या काकांशी बोललात तरी चालेल. आणि शेजारच्या खोलीचं दार बराच वेळ बंद दिसलं तर चहाच्या निमित्ताने एकदा वाजवा. काट्याभोवती पेशी जमतात, आपण तर माणसं आहोत.