श्रीमाणिकप्रभू : चार भाषांत गाणारे मराठी घर

आपल्या उत्सवातील आरतीच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. आजोबांना सगळ्या आरत्या तोंडपाठ असतात, वडिलांना निम्म्या येतात आणि नातवाच्या हातात कन्नड लिपीत उतरवून घेतलेला कागद असतो. माझा मुलगाही त्यांतलाच. घरात मराठी, शाळेत कन्नड-इंग्रजी, गल्लीत दख्खनी. या ओढाताणीत याचे मराठीपण टिकेल का, ही काळजी माझ्याप्रमाणे अनेक पालकांना असेल. अशा वेळी मला हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू आठवतात.

प्रभूंचा जन्म २२ डिसेंबर १८१७ रोजी, दत्तजयंतीच्या दिवशी, बसवकल्याणजवळच्या लाडवंती गावी झाला. वडील मनोहर नाईक, आई बयाम्मा. घर मराठी देशस्थ ब्राह्मणाचे, दत्तभक्तीचे. आईच्या नावातील 'अम्मा' मात्र या मातीतला. मराठी घर आणि कानडी हाक, अशी त्या काळापासूनची आपली रीत आहे.

ते राज्य निजामाचे होते. दरबाराची भाषा फारसी, बाजाराची दख्खनी, शेताशिवाराची कन्नड. प्रभूंचे बालपण ज्या कल्याणात गेले, ती बाराव्या शतकात बसवेश्वरांची कर्मभूमी होती. तिकडे कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा. त्यांचे घराणे दिल्लीचे, पण १४२२ मध्ये त्यांनी देह ठेवला तो कलबुर्गीतच. दिल्लीकडून आलेल्या फौजा, सुफी आणि कारागीर यांच्याबरोबर उत्तरेची बोली इथे आली आणि मराठी-कन्नड-तेलुगूच्या सहवासात दख्खनी होऊन स्थिरावली. म्हणजे या प्रदेशात परगावाहून आलेले आपण एकटेच नाही.

चरित्रकार सांगतात की वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर मामांनी भाच्याला मार्गी लावण्यासाठी जकातीच्या नाक्यावर नोकरीला लावले. पण प्रभूंचे मन वसुलीत रमले नाही. ते घर सोडून रानावनात गेले. मी स्वतः सरकारी नोकर. महिनाअखेरच्या पगाराची किंमत मला चांगली ठाऊक आहे, त्यामुळे मामांचा राग मला कळतो आणि भाच्याचे धाडसही.

पुढे भ्रमंती झाली, लोक भोवती जमू लागले आणि १८४५ मध्ये हुमनाबादजवळ विरजा आणि गुरुगंगा यांच्या संगमावर माणिकनगर वसले. प्रभू तेव्हा सुमारे अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी घर सोडले असले तरी घरच्यांना सोडले नाही. आई आणि दोन्ही बंधू पुढे त्यांच्याबरोबर राहिले. धाकटे बंधू नृसिंहतात्या यांचे पुत्र मनोहरप्रभू हेच नंतर गादीवर बसले.

माणिकनगरला प्रभूंचा दरबार भरे. तेथे शास्त्री येत, लिंगायत जंगम येत, फकीर येत, आणि गवई-बजवय्येही येत. सगळ्या मतांचा मान राखणारा म्हणून त्यांच्या संप्रदायाला सकलमत हे नाव मिळाले. लिंगायत भक्त त्यांच्यात बसवण्णांना पाहत, मुसलमान भक्त मेहबूब सुबहानींना आणि आपली मंडळी दत्तप्रभूंना.

या दरबारातच त्यांची पदे जन्मली. प्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी-दख्खनी आणि संस्कृत या भाषांत पदे रचली. गणपती, देवी, मारुती, खंडोबा, दत्त अशी अनेक दैवते त्यांत येतात. ती रागतालांत गाण्यासाठी आहेत. नुसती वाचली तर निम्मा अर्थ राहून जातो. या सगळ्याचे मूळ मला त्यांच्या घरात दिसते. दत्तभक्ती आणि मराठी आईच्या मांडीवर मिळाली, कन्नड अंगणात मिळाली, दख्खनी कल्याणच्या बाजारात कानांवर पडली. प्रभूंनी यांतले काही टाकले नाही. ज्या भाषेचा भक्त समोर, त्या भाषेचे पद.

आपल्या दत्तपरंपरेला हे नवे नव्हते. गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींची लीला सांगणारा गुरुचरित्र हा ग्रंथ मराठीत आहे, पण तो लिहिणारे सरस्वती गंगाधर कन्नड घरातले. कन्नड घरातला माणूस मराठीत लिहितो, मराठी घरातला माणूस कन्नडात गातो, आणि ही देवाणघेवाण आपल्याच दोन जिल्ह्यांत होते.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, २९ नोव्हेंबर १८६५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रभूंनी माणिकनगरीच समाधी घेतली. गाणे मात्र थांबले नाही. पुढे गादीवर आलेले मार्तंडप्रभूही पदे रचणारे होते. आजही दत्तजयंतीच्या उत्सवात दरबार भरतो, नामवंत कलावंत सेवा करतात आणि प्रभूंची पदे त्या त्या भाषेत गायली जातात.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. एकाच घरातले दोन भाऊ दोन राज्यांत आले. त्याची सल जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून जाणवते. पण प्रभूंच्या पदांना ती सीमा लागली नाही.

म्हणून मुलाच्या हातातील कन्नड कागदाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. लिपी कुठलीही असो, त्याच्या तोंडून आरती मराठीतच निघते आहे. कन्नड त्याला येते, हे चांगलेच आहे. ती या मातीची भाषा आहे. आपल्या माथी एवढेच काम उरते की घरातली मराठी त्याच्या कानावर रोज पडली पाहिजे. प्रभूंना चार भाषांत गाता आले, कारण पहिली भाषा घरात पक्की झाली होती. ते घर आपण राखले, तर पुढचे गाणे मुले स्वतःच रचतील.

गणपती बाप्पा मोरया!