रे. गॉर्डन हॉल ह्यांची औषधांची पेटी

आज मुंबईहून नाशिकास जावयाचें झालें म्हणजे आपण आगगाडींत बसतों, आणि घाटकोपर, मुलुंड, ठाणें मागें टाकून कांहीं तासांत तेथें पोहोंचतों. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली. त्याच्या २७ वर्षें आधीं एक पाद्रीसाहेब घाट चढून नाशिकास गेले, ते मुंबईस परत आले नाहींत. ते रे. गॉर्डन हॉल होत. अमेरिकन मराठी मिशनाचा पाया घालणाऱ्यांपैकीं ते एक, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचा शेवट कसा झाला, तें येथें सांगावयाचें आहे.

हॉलसाहेबांचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाला. ह्या देशीं येण्यापूर्वीं त्यांनीं थोडें वैद्यकहि शिकून घेतलें होतें. ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं ते आपले सोबती नॉटसाहेब ह्यांसह मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकारास ते येथें नको होते. पुष्कळ अर्जविनंत्या केल्यावर त्यांस राहण्याची मोकळीक मिळाली. मग ते मराठी शिकले, रस्त्यांत व बाजारांत सुवार्ता सांगूं लागले. त्यांनीं शाळा काढल्या व नव्या कराराच्या भाषांतरास हात लाविला. परंतु तेरा वर्षांच्या श्रमांचें उघड फळ फारच थोडें दिसलें.

पटकीचा रोग काय करितो, हें त्यांस चांगलें ठाऊक होतें. त्यांचे सोबती न्यूएलसाहेब १८२१ सालीं मुंबईस ह्याच रोगानें वारले होते. १८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीसाठीं त्यांच्या पत्नी दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. थोरला मुलगा वाटेंत समुद्रावरच मरण पावला. साहेब मात्र कामाकरितां मागें राहिले.

मार्च १८२६ च्या आरंभीं दोन ख्रिस्ती मुलगे बरोबर घेऊन ते मुंबईहून निघाले. नाशिकांत पाहतात तों पटकीचा कहर चालला होता. तेथून माघारी फिरते, तर कोणी त्यांस बोल लाविला नसता. पण ते राहिले. दिवसेंदिवस रोग्यांस औषध देत व प्रभूविषयीं सांगत ते फिरले. आपला कोण, परका कोण, आपलें ऐकणारा कोण, हें त्यांनीं विचारलें नाहीं. जवळचीं बहुतेक औषधें सरलीं, तेव्हां ते परतीच्या वाटेस लागले.

नाशिकच्या दक्षिणेस दोडी-दापूर येथें ते रात्रीं एका देवळाशीं उतरले. तेथेंहि पटकीचे दोन रोगी पडले होते. साहेब त्यांच्याजवळच चटई टाकून निजले. ता. २० च्या पहाटे निघण्याची तयारी करीत असतां त्यांस रोगानें गांठलें. उरलेलें औषध त्यांनीं घेतलें, पण तें पोटांत ठरलें नाहीं. मरण जवळ आलें हें ओळखून ते प्रार्थना करीत राहिले, आणि सुमारें आठ तासांत प्राण सोडला. वय अवघें ४१. त्या दोन मुलांनीं मोठ्या मिनतवारीनें जागा मिळवून, पेटीवांचून त्यांस मातींत ठेविलें.

बंधुभगिनींनो, प्रीति पीक पाहून पेरीत नाहीं. दयाळू शोमरोन्यानें वाटेवरच्या जखमी मनुष्यास पंथ विचारला नाहीं. हॉलसाहेबांनींहि विचारला नाहीं. उपदेशक व पंतोजी ह्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. ज्यांनीं आपला संदेश नाकारला, त्यांच्याच दारीं आजारांत आपण प्रथम जावें.

पटकी दूषित पाण्यानें पसरते, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. आज आपणांस ठाऊक आहे. पाणी उकळून द्यावें, मीठसाखरेचें पाणी पाजावें, रोग्यास वेळेवर दवाखान्यांत पोंहोंचवावें, इतकें आपल्यांतला गरिबांतला गरीबहि करूं शकतो. आपल्या कितीएक गांवांचीं मुलें पोटासाठीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें चाळींत भिंतीस भिंत लावून राहतात. त्यांस पत्र पाठवाल तेव्हां हेंहि लिहा कीं, भिंतीपलीकडे कोणी कण्हत असेल, तर त्याची जात व धर्म न विचारतां दार ठोठवावें. हॉलसाहेबांची पेटी रिती झाली; आपली अजून भरलेली आहे.