पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद का केलं नाही?

१८९३ साली पुण्यातलं शारदा सदन बंद पडतं की काय, अशी वेळ आली होती. निमित्त होतं एका उघड्या दाराचं.

पंडिता रमाबाई आपल्या खोलीत रोज ख्रिस्ती प्रार्थना करायच्या. हळूहळू सदनातल्या काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. विधवांच्या या शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका मात्र बदलली नाही. कुणाला बोलवायचं नाही, पण देवासमोर बसताना दारही लावून घ्यायचं नाही.

आता असं वाटेल की त्या मिशनरींच्या सांगण्याप्रमाणे वागत होत्या. पण तसं नव्हतं.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईवडिलांनी संस्कृत शिकवलं. व्रतं आणि तीर्थयात्रा करत फिरणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं आणि आईवडील गेले. पुढे लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवराही गेला. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि तिथेच वादाला तोंड फुटलं! क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा त्यांचा सवाल. मांसाहाराला ठाम नकार. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशप मंडळींचं मत पडलं, तेही त्यांना पटलं नाही. आज्ञा पाळायची ती देवाची, धर्मगुरूंची नव्हे, हा फरक त्यांनी कायम सांभाळला.

१८९६-९७ च्या दुष्काळात मात्र हाच विश्वास थेट कामाला लागला. लहानपणी स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास २,००० जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छपाई, सगळी कामं त्याच करायच्या.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, केडगावच्याच छापखान्यातून.