संगणकाला थांबायला शिकविणारा माणूस : एड्सखर डायक्स्ट्रा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने एका संगणकशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मोंढ्यात हमाली करतात. थोरांची चरित्रे वाचताना ती माणसे आपल्यापासून फार दूरची वाटतात, असा माझा अनुभव आहे. डायक्स्ट्रा मात्र हॉलंडचे असूनही मला तसे वाटले नाहीत. का, ते पुढे येईलच.

एड्सखर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, तर आई गणितात निष्णात. विद्येचा वारसा त्यांना घरातच मिळाला, हे आधीच सांगून टाकते. शाळा संपताना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे काम करावे, असे त्यांच्या मनात होते; परंतु शास्त्रविषयांतील प्रावीण्यामुळे ते लायडन विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ साली त्यांनी केंब्रिज येथे संगणकाच्या प्रोग्रॅमिंगचा एक उन्हाळी वर्ग केला आणि मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले.

लवकरच मनात द्वंद्व सुरू झाले. भौतिकशास्त्राला प्रतिष्ठा होती, परंपरा होती. प्रोग्रॅमिंगला काय होते? उद्या कोणी विचारले की तुमची विद्या कोणती, तर काय सांगायचे? ही शंका घेऊन ते केंद्रातील आपले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांच्याकडे गेले. त्यांनी समजाविले, की संगणक आता जाणार नाहीत. हे शास्त्र बाल्यावस्थेत आहे, तेव्हा त्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी एक आपणच का होऊ नये? त्या भेटीने डायक्स्ट्रांच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९५७ साली त्यांचा विवाह झाला. नोंदणीच्या कागदावर त्यांनी व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी ते नाकारले! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. हा प्रसंग मी वडिलांना सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत. पोती वाहणाऱ्याच्या कामाचीही कागदोपत्री नोंद व्हायला महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला, हे त्यांना ठाऊक आहे.

याच सुमारास, १९५६ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत वाग्दत्त वधूसोबत बसले असताना, दोन गावांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत त्यांना सुचली. हाती कागद नाही, पेन्सिल नाही, आणि वेळ अवघा २० मिनिटांचा! १९५९ साली ती छापली गेली. आज फोनवरील नकाशा वाट दाखवितो, त्यामागे त्याच कुळातील रीती असतात.

पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते. १९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळी एकाच संगणकावर अनेक कामे एकाच वेळी चालविण्याचे प्रयत्न सुरू होते. अशा प्रत्येक चालू कामाला प्रोसेस म्हणतात. या प्रोसेसनी एकमेकींना निरोप कसा द्यावा? दोघींनी एकाच जागी एकदम लिहिले तर निरोपाचा विचका होतो. त्यातून ही चूक रोज होत नाही. हजारदा काम नीट चालते आणि एखाद्या वेळी वेळेचा मेळ बिघडतो. ती पुन्हा घडवून दाखविता येत नाही. म्हणून डायक्स्ट्रांना केवळ तपासणी पुरेशी वाटेना. चूक होणारच नाही अशी खात्री त्यांना हवी होती.

१९६५ च्या आपल्या लेखनात त्यांनी याचे उत्तर मांडले. त्याला त्यांनी सेमाफोर हे नाव दिले. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हातवाला सिग्नल. संगणकातील सेमाफोर हा एक साधा आकडा असतो आणि त्यावर दोनच क्रिया चालतात. पी या क्रियेत आकडा शून्याहून मोठा असेल तर तो एकने कमी करून पुढे जायचे. शून्य असेल तर झोपी जायचे. व्ही या क्रियेत आकडा एकने वाढवायचा. कोणी झोपले असेल तर त्यांतील एकाला उठवायचे. या क्रिया चालू असताना मध्ये कोणी घुसू शकत नाही. पुन्हा पुन्हा डोकावून पाहण्यात संगणकाचा वेळ जात नाही, कारण झोपविणे व उठविणे हे काम सर्वांवर देखरेख करणाऱ्या प्रणालीचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे.

मला हे समजले ते मोंढ्यामुळे. काट्याशेजारी एक ओटा आहे, असे समजा. त्यावर दहा पोती मावतात. हमाल पोते आणून ठेवतो, मापाडी उचलून वजन करतो. ओटा भरला की हमालाने थांबावे. रिकामा झाला की मापाड्याने थांबावे. डायक्स्ट्रांच्या रीतीने येथे तीन आकडे लागतात. एक रिकाम्या जागांचा, सुरुवातीला १०. दुसरा ठेवलेल्या पोत्यांचा, सुरुवातीला ०. तिसरा ओट्यावर चढण्याच्या परवानगीचा, तो १. म्हणजे एका वेळी एकानेच चढावे. आता गंमत पाहा. हमालाने जागा आहे की नाही हे न पाहता आधी ओटा अडविला, आणि ओटा भरलेला असला तर? हमाल वर जागेची वाट पाहतो, मापाडी खाली हमाल उतरण्याची. दोघेही प्रामाणिक, दोघेही कामसू. पण संध्याकाळपर्यंत एकही पोते हलणार नाही! आधी जागा, मग ओटा, एवढा क्रम पाळला की काम सुरळीत चालते. या अडकण्याला डायक्स्ट्रांनी जीवघेणी मिठी म्हटले आहे.

हे तत्त्व त्यांनी कागदावरच ठेवले नाही. सरासरी अर्धवेळ काम करणाऱ्या सहा जणांच्या गटाने एक्स-८ या संगणकासाठी टी.एच.ई. नावाची प्रणाली उभारली. तिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रणाली थराथरांनी रचावी आणि प्रत्येक थर बिनचूक असल्याची खात्री करून मगच वरचा चढवावा, हा धडा जगाने त्यातून घेतला. पुढे डेन्मार्कच्या पेर ब्रिंच हान्सेन यांनी १९६९ च्या आर.सी. ४००० प्रणालीत निरोप पाठविणे आणि उत्तराची वाट पाहणे हीच मूळ क्रिया केली. १९८३ च्या युनिक्स सिस्टीम पाचमध्ये निरोपांच्या रांगा आणि सेमाफोर दोन्ही आले. आजही प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारून हीच विनंती करते. अशा हाकेला सिस्टीम कॉल म्हणतात.

१९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात होते. संगणकाचा हा आचार्य स्वतः मात्र फाउंटन पेनने लिहीत असे! सुबक अक्षरातील क्रमांक घातलेली १३०० हून अधिक टिपणे ते प्रती काढून मित्रांना पाठवीत. स्वभाव तिखट होता. ढिसाळ काम आणि ढिसाळ भाषा यांवर ते तुटून पडत, आणि त्यामुळे पुष्कळ जण दुखावलेही. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

बी. ए. होऊन पुढे काय, असे मला नातेवाईक विचारतात. ज्या कामाला अजून नाव नाही असे काम माझ्या वाट्याला येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण जे येईल ते इतके नेटके करावे, की माझ्यामागून येणाऱ्या मुलीला नोंदणीच्या कागदावर ते लिहिताना संकोच वाटू नये, एवढे या चरित्राने माझ्या मनात पक्के केले आहे.