लुईझबाई फारांक

फ्रान्स देशांत संगीतरचनेंत नांव मिळविलेल्या स्त्रियांमध्यें लुईझबाई फारांक यांचें स्थान वरचें आहे. त्यांचा जन्म ता. ३१ मे १८०४ रोजीं पॅरिस येथें शिल्पकारांच्या घराण्यांत झाला. पंधराव्या वर्षीं त्या राइखा नांवाच्या गुरूंजवळ रचनाशास्त्र शिकूं लागल्या.

१८४२ सालीं पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयांत त्या पियानोच्या अध्यापिका झाल्या. परंतु त्याच कामाबद्दल पुरुष अध्यापकांहून त्यांस वेतन कमी मिळे. १८५० मध्यें त्यांची नऊ वाद्यांची रचना लोकांपुढें आली. आपल्या भजनांत सर्वजण एकच चाल धरतात. ह्या रचनेंत मात्र फुंकून वाजवावयाचीं पांच वाद्यें व चार तंतुवाद्यें निरनिराळे सूर काढून एकच मेळ साधतात. तिचा मोठा गौरव झाला. तेव्हां बाईंनीं पुरुषांइतकें वेतन मागितलें व मिळविलें.

१८५९ सालीं त्यांची एकुलती कन्या व्हिक्टोरीन निवर्तली. तीही निपुण पियानोवादक होती. त्या दुःखानें बाईंची नवी रचना जवळजवळ थांबली; तरी अध्यापन त्यांनीं पुढें १८७२ पर्यंत चालविलें. १८७५ सालीं त्या वारल्या.

मुलामुलींनो, योग्यता असूनही न्याय्य हक्क आपण होऊन हातीं येत नाहीं. तो धीरानें मागावा लागतो.