खाणीत उतरलेले मजूरमंत्री

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव निघाले की राज्यघटना आणि महाडचे चवदार तळे आपल्यापुढे उभे राहते. परंतु कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांसाठी त्यांनी केलेल्या कामाची आठवण सहसा निघत नाही. तीच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू म्हणजे आम्हा ग्वाल्हेरकरांच्या आजच्या प्रांतातलेच गाव. मुंबईस परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी त्यांची अनेक वर्षे गेली. कोलंबिया व लंडन येथे शिकून आल्यावर त्यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते आले आणि मजूर खाते त्यांच्या हाती पडले.

लढाईचे दिवस होते. रेल्वे आणि कारखाने कोळशावर चालत, आणि कोळसा काढणारा माणूस रोज जीव मुठीत धरून खाली उतरे. वरचे छत कोसळून मजूर चिरडले जात. उतारावर डब्यांचा दोर तुटला की भरलेले डबे खाली सुटत. मिथेन वायू साचलेल्या जागी एक ठिणगी पडली तरी स्फोट होई, आणि उडालेली कोळशाची धूळ पेटून तो स्फोट दूरवर पसरे. शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत तुंबलेले पाणी भिंत फोडून आत शिरे. झरियाच्या पट्ट्यात तर १९१६ पासून जमिनीखाली आग धुमसत होती.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद-झरिया भागात गेले. कचेरीत बसून अहवाल मागविणे सोपे होते. पण ते स्वतः सुमारे ४०० फूट खाली उतरले आणि मजूर कोळसा कसा तोडतात ते पाहिले. वर आल्यावर मजुरांची घरे पाहिली, मजुरीची विचारपूस केली.

याच काळात एक अवघड प्रश्न त्यांच्यापुढे आला. स्त्रियांचे भूमिगत काम पूर्वीच बंद झाले होते. परंतु मजूर कमी पडू लागल्याने सरकारने १९४३ साली ती बंदी उठविली. देशात टीका झाली, आणि विधिमंडळात उत्तर देणे मजूरमंत्र्यांकडेच आले. ही तात्पुरती सोय आहे आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, अशी भूमिका त्यांनी मांडली. ती सर्वांना पटली नाही. तथापि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली, हेही नमूद केले पाहिजे.

१९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर बसवून त्या पैशातून औषधोपचार, घरे, पाणी व शिक्षण यांची सोय करावयाची, अशी ती योजना. पुढे या निधीतून धनबाद व आसनसोल येथे मोठी इस्पितळे उभी राहिली. जखमी मजुराला उपचार मिळण्याची जागा झाली. १९४६ साली खाणींवर पाळणाघरांचे नियम आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी ते पद सोडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याने सर्व संकट टळले असे नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाळा येथे खाणीत पाणी शिरून साडेतीनशेहून अधिक मजूर बुडाले. नियम कागदावर असतो. टेकू नीट लावला की नाही, पलीकडच्या जुन्या खाणीचा नकाशा पाहिला की नाही, हे रोज कोणीतरी तपासावे लागते.

आमच्या ग्वाल्हेरभोवती कोळसा नाही, पण वाळूच्या दगडाच्या खाणी आहेत. त्या दगडाची धूळ फुप्फुसात बसली की माणूस हळूहळू खंगतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी १४ एप्रिलच्या सुमारास मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी, आणि आपल्या मंडळीत दगडाचे काम करणारे कोणी असतील तर त्यांच्या घरी जाऊन, खोकला किती दिवसांचा आहे, छातीचा फोटो काढला आहे काय, एवढे तरी विचारावे.