कार्बन कालमापनाचे जनक विलर्ड लिबी

प्राचीन लाकूड, कोळसा वा अस्थी यांचे वय सांगणाऱ्या कार्बन कालमापन पद्धतीचे जनक विलर्ड फ्रँक लिबी यांचा जन्म १७ डिसेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९३३ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. अत्यंत क्षीण किरणोत्सार टिपणारी यंत्रे घडविण्यात ते तेव्हापासूनच गढले होते. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब प्रकल्पात काम केल्यानंतर १९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले.

सजीवांच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन-१४ सतत येत असतो. मृत्यूनंतर ही आवक थांबते आणि सुमारे ५,७३० वर्षांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. १९४७ मध्ये लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर शहराच्या सांडपाण्यातून मिळविलेल्या मिथेन वायूत हा कार्बन आढळल्याचे दाखविले. खनिज तेलापासूनच्या मिथेनमध्ये तो नव्हता.

कल्पना सोपी होती, मोजमाप मात्र दुष्कर. सजीवांतील एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला जेमतेम १४ विघटने होतात. याउलट, नमुना नसतानाही उघडे मापकयंत्र परिसरातील किरणोत्सार व विश्वकिरणांमुळे मिनिटाला सुमारे ५०० नोंदी करीत असे. लिबी यांनी यंत्राभोवती जाड लोखंडी आवरण उभारले. नोंदी शंभराच्या आसपास आल्या. मग त्यांनी यंत्राभोवती गायगर काउंटरचे कडे बसविले. कड्यातील आणि आतील यंत्रात एकाच क्षणी झालेली नोंद बाहेरून आलेल्या कणाची मानून वगळली जाई. अखेर या नोंदी मिनिटाला पाचाच्या घरात आल्या. १९४९ मध्ये जेम्स अरनॉल्ड यांच्यासह त्यांनी इजिप्तमधील थडग्यांतील ज्ञात वयाच्या लाकडावर ही पद्धत पडताळून पाहिली.

१९५४ ते १९५९ या काळात लिबी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य होते. अणुचाचण्यांच्या किरणोत्सारी धुळीचा धोका अल्प आहे, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली. लिनस पॉलिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तिला कडाडून विरोध केला. दैवदुर्विलास असा की, हीच धूळ लिबी यांच्या पद्धतीतील कार्बनच्या काळ्या भुकटीला चिकटून मोजमाप बिघडवू लागली. परिणामी प्रयोगशाळांनी ती पद्धत सोडून नमुन्याचे वायूत रूपांतर करून मोजणी सुरू केली. १९६० मध्ये लिबी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. ८ सप्टेंबर १९८० रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

भारतात १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने याच तत्त्वावर कालीबंगनसह हडप्पा संस्कृतीच्या स्थळांचा काळ निश्चित केला.

आज कण-त्वरकाच्या साहाय्याने कार्बन-१४ चे अणू थेट मोजले जातात. पण भेसळीची धास्ती कायम आहे. कार्बन-१४ मुळीच न उरलेल्या नमुन्यात अवघा एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला, तरी त्याचे वय सुमारे ३७,००० वर्षे भासते. म्हणूनच प्रयोगशाळा प्रत्येक संचासोबत दगडी कोळशासारखा कार्बन-१४ विरहित पदार्थही मोजतात आणि त्यात आढळणारी भेसळ हिशेबात घेऊनच वय जाहीर करतात. लिबी यांनी घालून दिलेली ही शिस्त आजही पाळली जाते.